वंगणाच्या बाजूनं

ज्या यंत्राला कधीच तेल घालावं लागत नाही, त्या यंत्रावर माझा विश्वास नाही. हे मत मी आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत मांडलं तेव्हा लोन सेक्शनच्या एकानं डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "आणि ज्या साहेबाला?" साहेबांबद्दल मी इथं काहीही लिहिणार नाही. माझी अजून चौदा वर्षं सर्व्हिस शिल्लक आहे. मला लिहायचंय ते आगगाडीच्या इंजिनाबद्दल, त्यातही वाफेच्या, त्यातही घरी बनवलेल्या छोट्या इंजिनाबद्दल आणि त्यातही त्याच्या आसेबद्दल. बी. कॉम. झालेल्या माणसानं याहून खोलात जाऊ नये.

'खेळण्यातलं इंजिन' असा शब्द इथं वापरायची सोय नाही. इंग्लंडात ही एक मोठी जमात आहे. घरामागच्या शेडमध्ये एक लेथ टाकायचा, आणि पाच-दहा वर्षं रविवार घालून एक इंजिन तयार करायचं. तेही किल्लीचं नव्हे, विजेचं नव्हे. कोळशावर चालणारं, खरी वाफ करणारं, शिट्टी मारणारं. रुळांमधलं अंतर साडेतीन इंच, पाच इंच किंवा सव्वासात इंच. पाच इंची गेजचं मध्यम इंजिन सहज पन्नास-साठ किलोचं भरतं आणि मागे डब्यांवर बसलेल्या तीन-चार धडधाकट माणसांना ओढत नेतं. या मंडळींचं 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक १८९८ साली निघालं. म्हणजे आपल्याकडे प्लेगच्या बंदोबस्ताची धावपळ चालली होती तेव्हा तिकडे लोक पितळेचे तुकडे घासत बसले होते. ज्याचं त्याचं नशीब.

माझा आणि या प्रकाराचा संबंध आमच्या सोसायटीतल्या काकांमुळे आला. काका मूळचे कुर्डुवाडीचे, रेल्वेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. कधी काळी रद्दीवाल्याकडून त्यांनी या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा वजनावर घेतला आणि तेव्हापासून त्यांच्या गॅलरीत वाळवणाऐवजी लोखंड दिसायला लागलं. ते साडेतीन इंची गेजचं, चार चाकांचं 'टिच' नावाचं इंजिन करताहेत. माझं काम बॅटरी धरण्याचं आणि इंग्रजी मोठ्यानं वाचून दाखवण्याचं. ओव्हरटाइम नाही.

या 'टिच'चा नकाशा काढणारा माणूस लेखाच्या खाली 'एल. बी. एस. सी.' एवढीच सही करायचा. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे या कंपनीत त्यानं नोकरी केली होती. तिचीच आद्याक्षरं उचलून त्यानं टोपणनाव केलं. (आमच्यापैकी कुणी बँकेच्या नावानं लिहायला लागलं तर काय होईल, याचा विचार न केलेला बरा.) १९२४ साली या माणसानं मोठमोठ्या मॉडेल कंपनीवाल्यांशी एक जाहीर वाद घातला. त्यांचं म्हणणं, एवढ्याशा इंजिनात कोळशावर खरी वाफ धरायची नाही, स्पिरिटचा दिवाच बरा. यानं अडीच इंची गेजचं 'आयेशा' नावाचं आपलं इंजिन आणलं आणि कोळशाच्या वाफेवर चक्क माणूस ओढून दाखवला. त्यानंतर १९६७ साली मरेपर्यंत तो लिहीत राहिला. लिहिणं कसं? स्वस्तातला लेथ असलेल्या कारकुनाला आणि कामगाराला समजेल असं. गप्पा मारत, मध्येच कुणाची तरी टोपी उडवत. वाचून दाखवता दाखवता मला तो आपल्यातलाच वाटायला लागला.

तर काका आसेपाशी आले आणि भांडण सुरू झालं.

आमचा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सुट्टीत आला होता. काका गनमेटलचा ठोकळा कानशीनं घासताहेत, मी बॅटरी धरलीय, हे दृश्य त्यानं दारातूनच पाहिलं आणि म्हणाला, "मामा, तू पण ना! एवढा खटाटोप कशाला करू देतोस त्यांना? काका, दोनशे रुपयांत सील्ड बॉल बेअरिंग मिळतं. बसवा आणि विसरून जा. फिट अँड फरगेट."

"विसरून जा?" काकांनी कानस खाली ठेवली. "अरे, मग करायचं कशाला?"

काकांचा वाद एवढ्यावरच संपला. ते फिटर, ते परत घासायला लागले. माझा संपला नाही. आम्ही कॉमर्सवाले, आम्ही दोन्ही बाजू लिहून बेरीज जुळेपर्यंत उठत नाही.

आधी आस म्हणजे काय ते सांगतो. बैलगाडीत आस गप्प बसते आणि चाक तिच्याभोवती फिरतं. तिथं वंगण चाकाच्या तुंब्यात घालायचं. आगगाडीत चाक आणि आस एकमेकांना घट्ट ठोकलेली असतात, दोघं जोडीनंच फिरतात, आणि ही फिरणारी आस गाडीचा सगळा भार डोक्यावर घेऊन एका पेटीत फिरते. हीच ॲक्सलबॉक्स. ही पेटी फ्रेमच्या खाचेत वरखाली सरकते, तिच्यावर स्प्रिंग असते. रूळ कुठं उंच झाला की चाक वर उचललं जातं, पेटी खाचेतून वर सरकते आणि डब्यातल्या माणसाचा चहा सांडत नाही. सगळ्या जगाचा भार आणि सगळ्या जगाचे धक्के घेणारी ही जागा, पण रंगवलेल्या इंजिनात ती चाकामागं झाकलेली असते. बँकेत तिला बॅक ऑफिस म्हणतात.

आसेचं महत्त्व आमच्या काकांच्या मुलखाला तर कुणी शिकवायला नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, ती या आसेच्या हिशेबावरच. रूळ हलके, गेज अडीच फुटांचं; मग अट एकच, कुठल्याही आसेवर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. भार सगळ्या आसांवर सारखा वाटून दिला आणि त्या हलक्या रुळांवरून भलीमोठी गाडी पळवून दाखवली. याच कॅलथ्रॉपनं पुढं इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड नावाची तशीच छोटी रेल्वे उभी केली. ती १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तिच्या एका इंजिनाला त्याचंच नाव दिलं होतं. तिकडचे हौशी लोक आजही त्या इंजिनांची मॉडेलं करतात. म्हणजे बार्शीच्या धुळीत जमवलेला हिशेब आज इंग्लंडातल्या बागेत फिरतोय. बार्शीकरांनी याची रॉयल्टी मागितल्याचं ऐकिवात नाही.

आता पेटी करायची कशी? काका गनमेटलची करतात. तांबं, कथील आणि थोडं जस्त यांची ही मिसळ. आस पोलादाची, पेटी तिच्याहून मऊ. दोघांची घासाघीस झालीच तर झिजायचं पेटीनं, कारण पेटी बदलणं त्यातल्या त्यात स्वस्त. (लग्नातही हाच नियम असतो, फक्त पेटी कोण हे कुणी आधी सांगत नाही.) ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना खाचेत बसेल अशी चर पाडायची. मग डावी-उजवी जोडी एकत्र आवळून भोक पाडायचं, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात. प्रत्येक पेटीवर पंचनं नंबर ठोकायचा, म्हणजे ती आपल्याच खाचेत परत जाते. पुढची आस आणि मागची आस यांच्यातलं अंतर, आणि त्यांची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या भोकांतलं अंतर, ही दोन्ही सारखी हवीत. नाहीतर प्रत्येक फेरीत इंजिन एकदा अडतं आणि एकदा सुटतं, तिमाहीअखेरच्या हिशेबासारखं.

इथपर्यंत नीटनेटकेपणा. खरी गंमत पुढं आहे. एवढं अचूक केल्यावर काकांनी पेटीच्या सरकत्या बाजूंची कडा वर आणि खाली किंचित घासून सैल केली. मी म्हटलं, "काका, एवढं घट्ट बसवलं होतं, ते बिघडवलंत का?" तर म्हणाले, "रूळ एका बाजूनं उंच असला की आस तिरपी होते. आस तिरपी झाली की पेटीलाही तिरपं होता आलं पाहिजे. खाचेत घट्ट बसलेली पेटी सरळ रुळावर शहाणी. जरा खड्डा आला की अडकून बसते."

आणि भोकाचंही तेच. अर्ध्या इंचाची आस असेल तर भोक बरोब्बर अर्ध्या इंचाचं ठेवायचं नाही. एखाददीड हजारांश इंच मोठं ठेवायचं. माणसाच्या केसाच्या निम्म्यानं म्हणा. ही फट कशासाठी? तेलासाठी. घट्ट बसवलेल्या आसेत तेलाला जागा नसते, ती तापते आणि धरते. फार सैल ठेवली की तेल टिकत नाही आणि आस खडखडते. सैलपणाही मोजूनमापून ठेवावा लागतो, हे मी चोवीस वर्षांच्या नोकरीत शिकलो नव्हतो, ते काकांच्या गॅलरीत अडीच तासांत शिकलो.

आता तेल. इथं शास्त्र येतं, पण घाबरू नका, मलाही समजलेलं आहे. इंग्लंडात ब्यूचँप टॉवर नावाच्या गृहस्थानं १८८३ साली तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसेवर प्रयोग केले. चार इंच जाडीची आस, तिच्यावर सहा इंच लांबीचं अर्धगोल पितळ टोपीसारखं बसवलेलं, त्यावर भार, आणि आसेचा खालचा भाग तेलात बुडलेला. तेल घालायला म्हणून पितळाला वरून एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं, तर भोकातून तेल खाली जायच्या ऐवजी वर येऊन सांडायला लागलं. टॉवरसाहेबांनी त्यात बूच मारलं. बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही वर आली. शेवटी तिथं दाब मोजायचं घड्याळ लावलं, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पार गेला. वरचा भार सरासरीनं १०० पौंडांचाच होता! म्हणजे फिरती आस स्वतःच खालून तेल ओढून घेते, त्याची पातळ पाचर करून पितळाखाली सारते आणि त्या पाचरीवर वरचा सगळा भार उचलून धरते. धातूला धातू लागतच नाही. आस तेलावर तरंगते. पुढं १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं, ते मी वाचलेलं नाही आणि तुम्हीही वाचू नका.

यातून निघणारा धडा साधा आहे. जिथं दाब सगळ्यात जास्त, तिथं वरून तेल ओतून उपयोग नाही. ते उलटं अंगावर येतं. तेल खालून, निवांत जागेतून पोचवायचं. हे मी आमच्या हेड ऑफिसला कळवावं असं फार वाटतं. वरून येणारी परिपत्रकंही याच तत्त्वानं बाहेर सांडत असतात.

मोठ्या रेल्वेतल्या जुन्या लोकांनी हे ओळखून आसेखालच्या कप्प्यात तेलात भिजलेली लोकरीची गादी ठेवायची पद्धत पाडली होती. गादी आसेला खालून टेकते आणि प्रत्येक फेरीत तिला तेलाचा हात फिरवते. छोट्या इंजिनात बरेच जण वरूनच भोक ठेवतात, आणि त्यांचीही इंजिनं चालतात. कारण गाडी उभी असताना तेल मुकाट्यानं खाली उतरतं. पण काका पडले जुन्या वळणाचे. त्यांनी पेटीखाली एवढासा कप्पा केला आणि त्यात लोकर भरली. ही लोकर कुठून आली, याचा शोध काकूंना तीन दिवसांनी लागला. त्यांच्या जुन्या स्वेटरची एक बाही आज 'टिच'च्या चार पेट्यांत विभागली गेली आहे.

आता भाच्याची बाजू. ती मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण डेबिटशिवाय क्रेडिट नसतं. बॉल आणि रोलर बेअरिंग उभ्या जागेवरून हलायला फारच कमी जोर मागतात, हे खरं. १९३० साली अमेरिकेत टिमकेन कंपनीनं सगळ्या आसांना रोलर बेअरिंग लावलेलं एक अजस्र इंजिन काढलं. त्याचा नंबर ११११, म्हणून त्याला 'फोर एसेस', चार एक्के म्हणायचे. ते इंजिन किती हलकं फिरतं हे दाखवायला काही तरुणींनी ते दोरानं ओढून दाखवलं. भाच्यानं हे फोटोसकट दाखवलं. मी मान्य केलं. शेकडो मैल जाणाऱ्या गाडीला, रात्रीबेरात्री पावसात इंजिनाखाली रांगत जाऊन तेल घालणाऱ्या माणसाला, रोलर बेअरिंग हा आशीर्वादच होता. त्याविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही.

किंबहुना तेलाच्या कामातून सुटका शोधणारा पहिल्या फळीतला माणूस तेल घालणाराच होता. एलायजा मकॉय. त्याचे आईवडील अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेले. हा मुलगा एडिंबरोला जाऊन इंजिनिअरिंग शिकून आला, पण काळा म्हणून रेल्वेनं त्याला कोळसा टाकायला आणि तेल घालायला ठेवलं. त्यानं १८७२ साली वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल पोचवणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं. पण बघा, मकॉयनं इंजिनाचं तेल बंद केलं नाही. तेल वेळेवर कसं पोचेल याची सोय केली. ज्यानं बुधली हातात धरली होती, त्याला काय वाचवायचं आणि काय ठेवायचं ते कळत होतं. 'विसरून जा' हे घोषवाक्य ज्यानं काढलं, त्याच्या नखात कधी काळं तेल गेलं नसावं असा माझा दाट संशय आहे.

आता छोट्या इंजिनाकडे या. तिथं भाच्याच्या बेअरिंगची काय अवस्था होते? छोट्या इंजिनाचं सगळं अंग ओलं असतं. सिलिंडरच्या तोट्यांतून गरम पाणी गळतं, वरून राख पडते, बागेतली माती उडते. बेअरिंगच्या आतल्या पोलादी गोळ्यांना गंज फार प्रिय. सुयांसारखे बारीक रोलर वापरायचे तर ते थेट आसेवर फिरतात आणि त्यांना कडक केलेली आस लागते. साध्या मऊ पोलादावर ते चर पाडतात. बरं, आस बाहेर काढायची म्हटलं तर चाक उपसावं लागतं, आणि परत बसवताना दोन्ही बाजूंच्या क्रँक बरोबर काटकोनात आणाव्या लागतात. साध्या पेटीतही हा त्रास आहेच. फरक एवढाच की साधी पेटी हळूहळू झिजते, आधी कुरकुरते, मग खडखडते, सहा महिने नोटीस देते. सील केलेलं बेअरिंग शेवटच्या दिवसापर्यंत हसतमुख असतं आणि एका रविवारी, पोरं डब्यावर बसलेली असताना, राजीनामा देतं.

भाच्यानं मग तडजोड काढली: ऑइलाइट. ब्राँझची पूड दाबून, भाजून केलेलं बुश. त्यात बारीक छिद्रं आणि त्या छिद्रांत तेल भरलेलं. १९३०च्या सुमारास क्रायस्लर या मोटार कंपनीनं आणलेली ही चीज अनेक हौशी लोक वापरतात आणि ती चांगली आहे. आस फिरून गरम झाली की तेल बाहेर येतं, थंड झाली की परत आत जातं. मला हे फिक्स्ड डिपॉझिटसारखं वाटलं आणि मन जरा द्रवलं. पण त्याचीही एक मेख आहे. त्याला आतून रीमर फिरवला किंवा बोथट हत्यारानं कापलं, तर पृष्ठभाग लिंपला जातो, छिद्रं बुजतात आणि तेल आतल्या आतच राहतं. डिपॉझिट आहे, पण काढता येत नाही. अशा डिपॉझिटचे किस्से आम्हाला काउंटरवर रोज ऐकावे लागतात. आणि ऑइलाइटलाही अधूनमधून वरून दोन थेंब द्यावेच लागतात. तेव्हा 'विसरून जा' तिथंही चालत नाही.

आता मी माझा हिशेब मांडतो. समजा, चाक दोन इंची आहे आणि इंजिन ताशी चार मैलांनी चाललंय. म्हणजे मिनिटाला ६७२ फेऱ्या, तासाला ४०,३२०. रविवारी दोन तास बागेत गाडी चालवली की आस ऐंशी हजारांवर वेळा फिरते. या ऐंशी हजार फेऱ्यांच्या बदल्यात ती काय मागते? सुरुवातीला दोन थेंब. मधल्या चहाला दोन थेंब. चार पेट्या, म्हणजे सोळा थेंब. यापेक्षा कमी पगारात इतकं काम करणारा माणूस मला दाखवा. आमची युनियन त्याला तात्काळ सभासद करून घेईल.

आणि हे थेंब देताना काय होतं ते बघा. माझा सगळा मुद्दा इथं आहे. काका बुधली घेऊन इंजिनाभोवती फिरतात तेव्हा ते तेल घालत असतात असं फक्त भाच्याला वाटतं. ते पेटीला बोट लावून बघतात, कोमट आहे की गरम. चाक हलवून बघतात. एखादा स्क्रू अर्धा फेरा सुटलेला असतो, तो दिसतो. तेल काळं येतंय की सोनेरी, त्यात पितळेची चमक आहे का, हे बघतात. म्हणजे तेल घालणं हे निमित्त; पाहणं हे काम. ज्याला तेल घालायचं नाही, त्या ठिकाणी माणूस वाकत नाही. आणि जिथं वाकत नाही, तिथं काय चाललंय ते त्याला आस तुटेपर्यंत कळत नाही.

मोठ्या रेल्वेनंही हे मान्य केलेलं होतं. ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडातलं 'मॅलार्ड' नावाचं इंजिन ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगानं धावलं. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही तसाच आहे. त्या धावेत त्याच्या मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं मोठं बेअरिंग तापलं. ते कळलं कसं? त्या बेअरिंगमध्ये वासाची एक कुपी ठेवलेली होती. तापलं की ती फुटायची आणि बडीशेपेसारखा वास सुटायचा. ड्रायव्हरला वास आला, त्यानं वेग कमी केला आणि पीटरबरोला इंजिन सोडलं. जगातल्या सगळ्यात वेगवान इंजिनालासुद्धा तक्रार करायची सोय ठेवलेली होती! आमच्याकडे तक्रारवही असते, साखळीनं बांधलेली. सील्ड बेअरिंगला तीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडातले लोक बागेत गाड्या फिरवतात, कुर्डुवाडीचे काका गॅलरीत फिरवतील, त्यात आमचं काय? तुमचं असं की, हे 'विसरून जा' आता तुमच्या घरात आलंय. आमच्या आईच्या शिवणयंत्राला तेलाची भोकं होती, आणि लांब नाकाची इवलीशी बुधली होती. दर महिन्याला ती तेल घालायची आणि त्या वेळी पट्टा सैल झालाय का, सुई वाकलीय का, हे तिला आपोआप दिसायचं. ते यंत्र आजही चालतं. आमच्या नव्या मिक्सरच्या पुस्तिकेत मात्र ठळक छापलंय: 'तेल घालण्याची आवश्यकता नाही.' खरंय. तेल घालायला जागाच नाही. तो बंद पडल्यावर दुकानदारानं मला सांगितलं, "हे उघडत नाही साहेब, नवीन घ्या." मी मेंटेनन्स-फ्री या शब्दाचा अर्थ तेव्हा समजून घेतला. मेंटेनन्स फुकट, मिक्सर परत विकत.

आणि आमच्या धंद्याबद्दल थोडं. पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी ती काठी टेकत काउंटरवर यायची. २०१४ पासून हा दाखला डिजिटल पद्धतीनं घरबसल्या देता येतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दृष्टीनं याहून मोठी सोय नाही. ती काढून घ्या असं म्हणणाऱ्याला मीच पहिला विरोध करीन. पण त्या नोव्हेंबरच्या रांगेत आम्ही दाखला घेताना आणखी एक गोष्ट करत असू, जी कुठल्याच फॉर्मवर नव्हती. या आजोबांची सही यंदा जास्त थरथरतेय. या बाई दर वर्षी यजमानांबरोबर यायच्या, आज एकट्याच आल्यात. या गृहस्थांच्या मागं एक पुतण्या उभा आहे आणि तोच सगळं बोलतोय, जरा खातं बघावं. हे कुणी आम्हाला सांगितलेलं नव्हतं. आम्ही नुसते बुधली घेऊन फिरत होतो. आता दाखला आपोआप पोचतो, आणि खात्यावर माणूस हयात आहे एवढंच कळतं. कसा आहे, ते कळत नाही.

मराठीत 'आस' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: चाकाचा दांडा आणि मनातली आशा. दोन्ही घर्षणानं तापतात आणि दोन्हींना वेळच्या वेळी दोन थेंब लागतात. ज्यानं हा शब्द ठरवला त्यानं बैलगाडी हाकलेली असणार.

तेव्हा आता माझ्या मागण्या. आमच्या युनियनच्या पद्धतीप्रमाणे त्या क्रमांकानं देतो.

एक: घरात येणाऱ्या प्रत्येक फिरत्या यंत्राला निदान एक तेलाचं भोक असावं. ते वरून न ठेवता योग्य जागी ठेवावं. टॉवरसाहेबांचं बूच कुठं उडालं होतं ते पाहून मग जागा ठरवावी.

दोन: जे यंत्र उघडत नाही, त्यावर 'हे उघडत नाही' असं किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं.

तीन: 'बसवा आणि विसरून जा' अशी जाहिरात करणाऱ्यानं, आपण विसरल्यावर लक्षात कोण ठेवणार, त्याचं नाव आणि हुद्दा जाहिरातीतच द्यावा.

चार: आमच्या काउंटरवर निदान एक माणूस शिल्लक ठेवावा. तो कामाचा असेलच असं नाही. पण तो बघत राहील.

पाच: ही मागणी काकूंच्या वतीनं आहे. यापुढे पेट्यांसाठी लागणारी लोकर बाजारातून विकत आणावी. काकांनी ती तोंडी मान्य केली आहे. लेखी मिळेपर्यंत आंदोलन चालू राहील.